टाळ्यांची टेप

टीकाकार होण्यासाठी त्या विषयातलं थोडंफार कळावं लागतं, अशी एक समजूत आहे. ती बहुधा टीकाकारांनीच पसरवली असावी. मी ती मानत नाही. मी बी. कॉम. आहे आणि गेली वीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. संध्याकाळी कॅश जुळेना आणि अकरा रुपयांचा फरक निघाला, की आमच्या शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत प्रत्येक जण टीकाकार होतो. त्यासाठी कोणाला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर असावं लागत नाही. तेव्हा फुटबॉलमधलं मला काय कळतं, हा प्रश्न वाचकांनी कृपा करून विचारू नये. चेंडू गोल असतो, गोलकीपर सोडून खेळताना त्याला कोणी हात लावायचा नसतो आणि ऑफसाइड म्हणजे काय ते आपल्याला समजलं आहे असा चेहरा करायचा असतो, एवढं मला येतं. याहून कमी भांडवलावर लोकांनी नाटकांची परीक्षणं केलेली आहेत.

मला परीक्षण करायचं आहे ते एका अख्ख्या हंगामाचं. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम. आता तुम्ही म्हणाल, त्याला इतकी वर्षं झाली, आता कसलं परीक्षण? पण आमच्याकडे ऑडिट असंच होतं. व्यवहार करणारा बदली होऊन जातो, व्हाउचरची शाई फिकी पडते, खातेदारही कधीकधी जगात राहत नाही, आणि मग ऑडिटर येऊन विचारतो, "यावर सही का नाही?" त्यातलंच हे समजा.

आधी माझा पत्ता सांगतो, कारण परीक्षणात तो महत्त्वाचा आहे. आमची नालवाडी वर्ध्याला अशी चिकटून आहे, की वर्धा कुठे संपलं आणि नालवाडी कुठे लागली हे फक्त घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. पुढे इथे चर्मालय निघालं. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावायचं काम तिथे चाले. फुटबॉलशी आमच्या गावाचं ऐतिहासिक नातं शोधायचंच झालं, तर ते एवढंच, कातड्यापुरतं. तेही वहाणांवर थांबलं, चेंडूपर्यंत गेलं नाही. क्रिकेटचं तसं नाही. विदर्भानं रणजी करंडक एकदा सोडून तीनदा आणला आहे, त्यामुळे आमच्याकडे पानठेल्यावरचा माणूसही लेगस्पिनवर बोलतो. पण देशाच्या वरच्या फुटबॉल साखळीत विदर्भाचा संघ नाही. तो सामना डोळ्यांनी बघायचा म्हणजे मुंबई, गोवा नाहीतर कलकत्ता गाठायचं. आणि बँकेच्या माणसाला रजा मिळते ती लग्नाला नाहीतर मयतीला, ऑफसाइडला नाही.

तरी मी तो हंगाम पाहिला, तो पलीकडच्या गुरुजींमुळे.

गुरुजी म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचे. हायस्कुलात पी. टी. शिकवून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे, पण चालणं असं, की मागून कोणी 'एक दो एक' म्हणत असावं. मुलगा पुण्याला, घरात गुरुजी आणि काकू. तरुणपणी नागपूरला फुटबॉल खेळल्याचं सांगायचे. एक दात त्यात गेला होता, आणि तो पुरावा म्हणून ते हसताना मुद्दाम दाखवायचे. शाळा सुटली पण पितळी शिट्टी सुटली नव्हती. ती गळ्यातल्या काळ्या गोफात कायम असायची.

मग करोना आला. आमची बँक अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे आम्ही मात्र घरी बसलो नाही. दारापुढे चुन्याचे गोल काढले होते. त्या गोलांत ऊन लागायला लागलं, की माणसं सावलीत जायची आणि रांगेत चपला उभ्या करायची. दिवसभर मी ते गोल मोजायचो. शंभर जणांच्या हाताळलेल्या नोटा मोजणारा माणूस म्हणून मी स्वतःहूनच गुरुजींच्या घरी जाणं बंद केलं. आमचं बोलणं भिंतीवरून चाले, तेही मधे कण्हेर ठेवून.

नोव्हेंबरात एकदा भिंतीवरून हाक आली, "काय रे भाऊ, फुटबॉल सुरू होऊन राह्यलं म्हणते. पाहतं का?"

म्हटलं, "पाहू जी गुरुजी. दुसरं करायचं काय आहे?"

अशा रीतीने मी दिवसा दारापुढचे गोल मोजू लागलो आणि रात्री टीव्हीवरचे.

नाटकाच्या परीक्षणात शेवटच्या ओळीत 'नेपथ्य ठीक, संगीत प्रसंगानुरूप' असं टाकायची पद्धत आहे. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण या हंगामात नेपथ्य आणि संगीत हेच मुख्य पात्र होतं.

नेपथ्य असं. अकरा संघ, पण सगळा खेळ एकट्या गोव्यात. मडगावजवळचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशी तीन मैदानं. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात या तीन मैदानांवर एकशे पंधरा सामने झाले. खेळाडू हॉटेलात कोंडलेले. हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल. म्हणजे माझ्या घर ते बँक आणि बँक ते घर यासारखंच, फक्त त्यांना समुद्र होता. प्रत्येक सामन्याला एक संघ 'यजमान' आणि दुसरा 'पाहुणा' असे. वास्कोच्या मैदानावर जमशेदपूरचा संघ यजमान आणि केरळचा पाहुणा! मंगल कार्यालय भाड्यानं घेतल्यावर दारात उभं राहून 'या, या' म्हणतात, त्यातला प्रकार.

आणि प्रेक्षक एकही नाही. एकशे पंधरा प्रयोग आणि एकाही तिकिटाची विक्री नाही. संगीत नाटकाच्या पडत्या काळातही निदान मॅनेजरचे मेहुणे तरी पुढच्या रांगेत असत.

यातलं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण मोहन बागान आणि ईस्ट बेंगालचं. २०१९-२० पासून ही साखळी देशातली अव्वल ठरली आणि पुढच्याच हंगामात हे दोन्ही कलकत्तेकर तिच्यात आले. मोहन बागान १८८९ चा, तोही एका दुसऱ्या क्लबाशी जोडून घेऊन नवीन नावानं. ईस्ट बेंगाल १९२० चा, म्हणजे बरोबर शंभरी भरलेला. या दोघांची झुंज पाहायला १३ जुलै १९९७ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर सुमारे एक लाख एकतीस हजार लोक आले होते. तीच झुंज या साखळीत पहिल्यांदा झाली २७ नोव्हेंबर २०२० ला, वास्कोत. लोक शून्य. मोहन बागानवाल्यांनी दोन गोलांनी जिंकली. एक लाख एकतीस हजारांतून शून्य. एवढी मोठी उचल मी माझ्या नोकरीत एका दिवसात कधी पाहिलेली नाही.

आता संगीत. रिकामी गॅलरी टीव्हीवर भकास दिसते आणि त्याहून भकास ऐकू येते, म्हणून प्रक्षेपणात गर्दीचा आवाज मिसळलेला असे. टेपवरच्या टाळ्या! पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी भिंतीवरून विचारलं, "काहून रे भाऊ, मैदानात तं कुत्रं नाही. ह्या टाळ्या कोण वाजवून राह्यलं?"

मी टेपचं सांगितलं. गुरुजींना ते मुळीच पटलं नाही. "उद्या पोराच्या लग्नात टेपवरचे वऱ्हाडी आणाल," असं म्हणून त्यांनी त्या दिवसापासून टीव्हीचा आवाज बंद केला आणि पंचाचं काम स्वतःकडे घेतलं. म्हणजे फाउल झाला की गुरुजी शिट्टी वाजवायचे. गोल झाला की लांब शिट्टी.

याचे दोन परिणाम झाले. आमच्याकडे रात्री टीव्ही मालिकांच्या ताब्यात असल्यामुळे मी मोबाइलवर सामना बघायचो, आणि मोबाइलवरचं चित्र केबलच्या मागे चालतं. त्यामुळे माझ्याकडे खेळाडू अजून मध्यरेषेवर असतानाच पलीकडून लांब शिट्टी यायची आणि मला कळायचं, की आता गोल होणार आहे. असा त्रिकालज्ञानी प्रेक्षक फातोर्ड्यातही नसेल. दुसरा परिणाम म्हणजे शिट्टी वाजली की गल्लीतल्या दोन बायका ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन बाहेर यायच्या. कचऱ्याची गाडी रात्री साडेआठला कशी आली, याचा दोघी थोडा वेळ विचार करायच्या आणि परत जायच्या. हे पहिला आठवडाभर चाललं. पुढे त्यांना कळलं, पण तरी एखादी यायची. बाहेर यायला तेवढंच निमित्त.

आता कथानक. ते मात्र मला, एक हिशेबनीस म्हणून, अत्यंत आवडलं. साखळीत प्रत्येक संघ वीस सामने खेळला. शेवटी वरच्या दोन संघांची खाती अशी होती : मुंबई सिटी, जिंकले बारा, बरोबरी चार, हरले चार, गुण चाळीस. एटीके मोहन बागान, जिंकले बारा, बरोबरी चार, हरले चार, गुण चाळीस. वाचकहो, दोन खात्यांची शिल्लक एक निघू शकते; पण जमाही तेवढीच, नावेही तेवढंच, असं आढळलं तर आम्ही आधी दोन्ही खाती एकाच माणसाची तर नाहीत ना, ते बघतो. गोल करणाऱ्यांचंही तेच. गोव्याचा इगोर अंगुलो चौदा, मोहन बागानचा रॉय कृष्णा चौदा. तिथे कमी मिनिटं खेळला म्हणून बूट अंगुलोला. कमी वेळात तेवढंच काम केलं म्हणून बक्षीस! हा नियम कोणी आमच्या बँकेत आणेल काय?

चाळीस-चाळीसचा निकाल आपसातल्या सामन्यांवरून लागायचा होता. जानेवारीत मुंबईनं मोहन बागानला एका गोलानं हरवलं होतं. आणि योग असा, की साखळीचा शेवटचा सामना, २८ फेब्रुवारीला बांबोळीत, त्या दोघांचाच होता. मुंबईला जिंकावंच लागणार होतं. सातव्या मिनिटाला मूर्तदा फॉलनं डोक्यानं गोल केला, पहिल्या अर्धातच ओगबेचेनं दुसरा. झालं. मुंबई पहिली.

इथे मला आयोजकांवर टीका करायची आहे, नाहीतर हे परीक्षण कसलं? वीस-वीस सामने खेळून जो पहिला आला तो विजेता, हे चौथीच्या पोरालाही कळतं. पण तेव्हा या साखळीत पहिल्या आलेल्याला ढाल देत आणि म्हणत, थांबा, आता वरचे चार पुन्हा खेळतील आणि त्यातला जिंकेल तो खरा विजेता, त्याला करंडक. म्हणजे वर्षभर जमाखर्च चोख ठेवायचा, ३१ मार्चला खाती बंद करायची आणि १ एप्रिलला नफा कोणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं! पुन्हा त्या चारांत कोण, तर चौथा एफसी गोवा. वीस सामन्यांत सात जिंकलेले, तीन हरलेले आणि दहा बरोबरीत. हा संघ नव्हता, हा आमचा संयुक्त सल्लागार मंडळाचा ठराव होता. निम्म्या वेळा निर्णय पुढच्या बैठकीवर. तिसरा नॉर्थईस्ट युनायटेड. त्यांनी जानेवारीत परदेशी प्रशिक्षकाला नारळ दिला आणि तात्पुरतं म्हणून खालिद जमील यांना बसवलं. पुढे साखळी संपेपर्यंत तो संघ हरलाच नाही, आणि या साखळीत संघाला उपांत्य फेरीत नेणारे जमील हे पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. हे जमील मुंबईत महिंद्राकडून खेळलेले. २०२५ साली ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. 'तात्पुरता' म्हणून बसवलेला माणूसच ऑफिस चालवतो, हे गुरुजींचं मत होतं. ते स्वतः शाळेत तीन वर्षं तात्पुरते हेडमास्तर होते.

तळाच्या संघाचंही नाव घेतलं पाहिजे, कारण परीक्षणात तळाच्यांना नेहमी विसरतात. ओडिशा. वीस सामन्यांत दोनच विजय. पण दुसरा विजय कोणता? अगदी शेवटच्या सामन्यात ईस्ट बेंगालवर सहा विरुद्ध पाच! एका सामन्यात अकरा गोल. त्या रात्री गुरुजींची शिट्टी अकरा वेळा लांब वाजली. बाराव्यांदा वाजली ती थुंकी अडकल्यामुळे. काकूंनी आतून विचारल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, "आता काय इंजन सोडता का?"

पात्रयोजनेबद्दल गुरुजींची तक्रार मात्र गंभीर होती. पी. टी. मास्तर असल्यामुळे हजेरी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "मुंबईचा संघ म्हणते अन् हजेरीत आपला एक पोरगा नाही!" मुंबईचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा स्पेनचा, फॉल सेनेगलचा, ओगबेचे नायजेरियाचा, कप्तान अमरिंदर पंजाबचा, बिपीन सिंग मणिपूरचा. मी त्यांना समजावलं, की मुंबई अशीच असते, लोकलमध्ये तरी कुठे हजेरी घेतात? तरी त्यांनी वहीत यादी काढली. राहुल भेके सापडला, तो बेंगळुरूकडे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव सापडला, तो जमशेदपूरकडे. मुंबईत डाव्या बाजूला मंदार राव देसाई सापडला. "हा घ्या आपला," म्हटलं. चौकशीअंती तो गोव्याचा निघाला. गुरुजींनी त्याच्यापुढे 'अर्धा' असं लिहिलं. आणि मग उजव्या बाजूला, शेवटी शेवटी, एक नाव सापडलं : अमेय रानवडे. मुंबईचा पोरगा, वय तेवीस. गुरुजींनी त्याच्यापुढे लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि त्या दिवसापासून ते मुंबईचे झाले.

उपांत्य फेरीत मुंबईची गाठ गोव्याशी पडली. तो खरा कौटुंबिक प्रसंग. लोबेरा आधी गोव्याचाच प्रशिक्षक. आदल्या हंगामात संघ वर असतानाच गोव्यानं त्याला काढलं, तो मुंबईला गेला, आणि फॉल, बुमूस, जाहू, मंदार ही गोव्याचीच माणसं त्याच्या मागे गेली. म्हणजे माहेर आणि सासर यांच्यातच सामना. पहिला दोन-दोन, दुसरा शून्य-शून्य, आणि मग पेनल्टीवर मुंबई सहा-पाच. फातोर्ड्यातल्या माणसांनी हे सगळं घरातल्या टीव्हीवर पाहिलं. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर, तिथले दिवे खिडकीतून दिसत असतील, आणि आत जाता येत नाही.

हे मी गुरुजींना म्हटलं, तर ते हसले. दात नसलेली जागा दाखवून. म्हणाले, "म्हणजे यंदा ते बी नालवाडीकरच झाले म्हण ना."

वाचकहो, या हंगामाबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते गुरुजींनी कण्हेरीपलीकडून एका वाक्यात सांगून टाकलं. आम्ही जन्मभर लांबचे प्रेक्षक. सामना नेहमी दुसरीकडे, गर्दी दुसऱ्यांची, ओरडणारे ते आणि त्यांचं ओरडणं ऐकणारे आम्ही. तो एकच हंगाम असा झाला, की लांबचं-जवळचं काही उरलं नाही. कलकत्त्याचे लाख-सव्वालाख, फातोर्ड्याचे शेजारी, संघांचे मालक आणि नालवाडीचे आम्ही दोघं, सगळे एका रांगेत. सगळ्यांच्या मधे काच, आणि काचेपलीकडे टाळ्यांची टेप. तेव्हा मला याचा, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदच झाला होता. आपल्याकडे नाही ते दुसऱ्याचंही गेलं, की होतो तसा.

तो आनंद अंतिम सामन्याच्या दिवशी उतरला.

१३ मार्च. फातोर्डा. पुन्हा तेच दोघं, मुंबई आणि मोहन बागान. अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सनं मोहन बागानचा गोल केला. एकोणतिसाव्या मिनिटाला मोहन बागानच्या तिरीनं चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. जमेची रक्कम नावे पडली म्हणतात ती. एक-एक. आणि मध्यंतर व्हायच्या सुमारास उजवीकडे दोघं जण डोक्याला डोकं लागून आपटले. एक उठला, एक उठला नाही. उठला नाही तो अमेय रानवडे.

मी शिट्टीची वाट पाहिली. आली नाही. मैदानात अँब्युलन्स आली. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते. अशा वेळी भरल्या मैदानात कसं होतं, ते मी ऐकून आहे. हजारो माणसं एकदम गप्प होतात, आणि पोराला उचलून नेताना दोन्हीकडचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या जिंकल्याच्या नसतात. त्या टेपवर मिळत नाहीत. इथे तर गप्प व्हायलाही कोणी नव्हतं. वीस हजारांच्या जागी फक्त खुर्च्या, आणि त्या आधीपासूनच गप्प.

सामना पुढे चालू झाला. नव्वदावं मिनिट आलं. मोहन बागानचा गोलकीपर अरिंदम भट्टाचार्य, हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षक, दहा सामन्यांत ज्यानं एकही गोल होऊ दिला नाही, तो पुढे आला आणि फसला. ओगबेचेनं चेंडू काढून बिपीन सिंगला दिला आणि त्यानं रिकाम्या जाळ्यात मारला. वर्षभर ज्याची कॅश एक पैसाही चुकली नाही, त्याच्याच हातून नेमकी क्लोजिंगच्या दिवशी जास्तीची नोट जाते, हे मी पाहिलेलं आहे. मुंबई दोन-एक. ढालही त्यांची, करंडकही त्यांचा. आयोजकांचं नशीब, की चिठ्ठीतही तेच नाव निघालं.

मी भिंतीशी गेलो. म्हटलं गुरुजी खूश असतील. गुरुजी कण्हेरीपाशी अंधारात उभे होते. म्हणाले, "पोरगं शुद्धीवर आलं का रे भाऊ? तुह्या मोबाइलात पाह्य ना."

मी पाहिलं. पहिल्यांदा काही मिळालं नाही. अकरा वाजता पुन्हा पाहिलं. तोवर ते तिथेच होते. दवाखान्यात नेलं आहे, ठीक आहे, अशी बातमी आल्यावर ते "बरं" म्हणाले आणि झोपायला गेले. कोण जिंकलं, किती गोलांनी, यातलं एक अक्षर आम्ही त्या रात्री बोललो नाही. रानवडे पुढे बरा होऊन पुन्हा खेळू लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या रात्री नालवाडीत एक म्हातारा माणूस त्याच्यासाठी अडीच तास जागा होता, हे त्याला कळायची काही सोय नव्हती. प्रेक्षक मैदानात लागतो तो यासाठी. टाळ्यांचं काय, त्या टेपवर मिळतात.

एप्रिल २०२१ चं मी काही सांगत नाही. आमच्या बाजूला ज्यांनी तो महिना पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. गुरुजींना सेवाग्रामला नेलं, तेव्हा अँब्युलन्सच्या दारातून त्यांनी मला हात केला. मी भिंतीच्या अलीकडेच होतो. त्यांना पोचवायला आम्ही चौघं होतो, तेही लांब लांब उभे. एवढी पोरं ज्यांनी कवायतीला उभी केली, त्यांच्यासाठी चार माणसं.

पुढचा हंगामही गोव्यातच झाला, तसाच बंद दारांआड. मी चार-दोन सामने पाहिले. माझ्या मोबाइलवर आता गोल आधी कळत नव्हते. एकदम होत होते. मजा येईना.

२० मार्च २०२२ ला त्या हंगामाचा अंतिम सामना फातोर्ड्यालाच होता, हैदराबाद आणि केरळचा, आणि या वेळी दारं उघडली होती. केरळची माणसं पिवळे सदरे घालून दोन दोन दिवस प्रवास करून आलेली. संध्याकाळी काकूंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या हातात काळ्या गोफातली पितळी शिट्टी होती.

"आवराआवरीत निघाली. तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण वाजवू नका बापा. बायका बादल्या घेऊन बाहेर येतील."

मी ती टेबलावर ठेवून सामना लावला. टेप नव्हती. खरी माणसं ओरडत होती. बेसूर, मधेच, चुकीच्या ठिकाणी. केरळनं एक गोल केला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना हैदराबादच्या साहिल तावोरानं तो फेडला. मग पेनल्टी आल्या. हैदराबादचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचाच. त्यानं एक अडवली, दुसरी अडवली, तिसरी अडवली.

तिसरीला मी वाजवली.

मला ती नीट जमली नाही. जोर कमी पडला. तरी दोन दारं उघडली आणि दोन बायका बाहेर आल्या. हातात बादल्या होत्या. गाडी कुठे दिसेना, म्हणून त्यांनी गुरुजींच्या घराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

त्यातली एक म्हणाली, "कोन जिंकलं जी?"